धोरणात्मक पर्यावरण मूल्यांकनाचा अहवाल तपासायचा कसा

एखादी योजना किंवा आराखडा ठरण्याआधी त्याचे पर्यावरणावरचे परिणाम तपासणाऱ्या धोरणात्मक पर्यावरण मूल्यांकनाचा, म्हणजे एसईएचा अहवाल टेबलावर येतो तेव्हा त्याच्या जाडीनंच निम्मा माणूस गार होतो. वर मत कळवायची मुदत डोक्यावर असते. मग चेकलिस्ट काढायची, एकेका प्रकरणासमोर बरोबरची खूण करत जायचं आणि शेवटी ‘अहवाल सर्वसाधारणपणे समाधानकारक आहे’ असं लिहून मोकळं व्हायचं, ही रीत पडून गेली आहे. खुणा खोट्या नसतात. मूळ स्थितीचं, म्हणजे योजनेआधी पर्यावरण कसं आहे याचं प्रकरण असतं, पर्यायांचं असतं, देखरेखीचंही असतं. पण पहिल्या प्रकरणात जे सांगितलं त्याचा पाचव्या प्रकरणातल्या निष्कर्षाशी काही संबंध आहे का, हे चेकलिस्टच्या कुठल्याच रकान्यात विचारलेलं नसतं.

माझ्या मते अहवालाची गुणवत्ता त्या संबंधातच असते. म्हणून खालच्या पद्धतीत चेकलिस्टला जागा आहे, पण ती शेवटी. आधी दोन-तीन महत्त्वाचे प्रश्न निवडायचे आणि प्रत्येकाचा माग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काढायचा.

आधी थोडी हद्द आखून घेऊ

प्रकल्पाच्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाशी, म्हणजे ईआयएशी एसईएची गल्लत नेहमी होते. ईआयएच्या वेळी प्रकल्प ठरलेला असतो: हा रस्ता, हे धरण, हा कारखाना. एसईए त्याच्या आधी येतं. वाहतूक आराखडा, जमीनवापराची योजना, ऊर्जा कार्यक्रम, खोऱ्यातल्या पाण्याचं नियोजन हे त्याचे विषय. रस्ता नेमका कुठून न्यायचा हा ईआयएचा प्रश्न झाला. मुळात रस्ता हवा की रेल्वेनं भागेल, हा एसईएचा. त्यामुळे ईआयएमध्ये शोभणारा बारीक तपशील एसईएत नसेल, तर तो दोष धरू नये. उलट मोठा प्रश्नच टाळला असेल, तर परिशिष्टात जोडलेली वनस्पतींची चाळीस पानी यादी त्याची भरपाई करत नाही.

कोणता कायदा लागू आहे हेही आधीच बघून ठेवावं. युरोपीय संघात २००१/४२ हा निर्देश आहे. सदस्य देशांना तो २१ जुलै २००४ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा होता. मे २००३ मध्ये कीव्ह इथे स्वीकारलेला एसईएविषयक प्रोटोकॉल ११ जुलै २०१० पासून अमलात आहे. युरोपीय निर्देशाच्या परिशिष्ट १ मध्ये अहवालात काय हवं याच्या दहा बाबी दिल्या आहेत. हा निर्देश तुम्हाला लागू नसला तरी ती यादी जवळ ठेवण्यासारखी आहे, कारण ती छोटी आणि नेमकी आहे. अहवाल पुरेशा दर्जाचे आहेत याची खात्री करण्याची जबाबदारी कलम १२ सदस्य देशांवर टाकतं, पण पुरेसा दर्जा म्हणजे किती ते मात्र सांगत नाही. ते काम परीक्षकाच्या गळ्यात.

आणखी एक हद्द स्वतःसाठी आखायची. आपण अहवाल तपासतोय, योजना नव्हे. नेदरलँड्समध्ये यासाठी स्वतंत्र आयोग आहे. तो प्रत्येक अहवालासाठी तज्ज्ञांचा गट नेमतो, आणि त्या गटासमोरचा मुख्य प्रश्न असा असतो: निर्णय घेताना पर्यावरणाला पूर्ण वजन देता येईल इतकी आवश्यक माहिती या अहवालात आहे का? योजना मंजूर व्हावी की नाही, हे तो गट ठरवत नाही. हा भेद सांभाळला नाही की न आवडलेल्या योजनेचा चांगला अहवाल नापास होतो आणि लोकप्रिय योजनेचा सुमार अहवाल पास होतो.

अहवाल उघडण्याआधीची तयारी

चार कागद गोळा करा: योजनेचा मसुदा, व्याप्ती ठरवताना तयार झालेला स्कोपिंगचा कागद, त्या टप्प्यावर संबंधित खात्यांनी आणि लोकांनी दिलेल्या हरकती-सूचना, आणि लागू असलेली मार्गदर्शिका. मसुद्याची आवृत्ती आणि तारीख नीट बघा. अहवाल मार्चच्या मसुद्यावर बेतलेला आणि जाहीर झालेली योजना ऑगस्टची, असं घडतं. मधल्या काळात दोन क्षेत्रं वाढवलेली असतात आणि अहवालाला त्यांचा पत्ताच नसतो.

मग अहवाल बाजूला ठेवून आधी योजना वाचा. एका पानावर लिहून काढा: ही योजना नेमके कोणते निर्णय घेते? ध्येयवाक्यं, दृष्टिकोन, प्रास्ताविक हे सगळं सोडून द्या. ‘अमुक भागात घरबांधणीला परवानगी’, ‘तमुक खोऱ्यातून इतकं पाणी उचलणार’, ‘अमुक मार्गाला प्राधान्य’ असे निर्णय शोधा. भल्या जाड योजनेतही असे खरे निर्णय सहसा पानभरात मावतात. त्यांच्या समोर लिहा, यातून पर्यावरणावर सगळ्यात मोठे तीन परिणाम कोणते होतील असं तुम्हाला वाटतं. हेच तुमचे तीन प्रश्न. अंदाज चुकला तरी चालेल. पण तो अहवाल वाचण्याआधी लिहिलेला असला पाहिजे. एकदा अहवाल वाचला की त्याचीच चौकट आपल्या डोक्यात बसते आणि त्यात जे नाही ते सुचतच नाही.

वाचण्याचा क्रम

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी सोप्या भाषेतला सारांश, मग पर्यायांचं प्रकरण, मग परिणामांचा तक्ता, मग उपाय आणि देखरेख, आणि सगळ्यात शेवटी मूळ स्थिती. कारण साधं आहे. मूळ स्थितीचं प्रकरण बहुधा सगळ्यात जाड असतं, त्यात नकाशे आणि आलेख असतात, आणि ते वाचून अहवाल भक्कम असल्याची भावना तयार होते. ही माहिती जमवणं तुलनेनं सोपं असतं. कस लागतो तो पर्यायांत आणि परिणामांत. तिथे ताज्या डोक्यानं पोचलं पाहिजे.

एका प्रश्नाचा माग काढू

समजा, एका विभागीय योजनेत नदीच्या वरच्या खोऱ्यात चार औद्योगिक क्षेत्रं सुचवली आहेत. तुमच्या तीन प्रश्नांपैकी एक आहे भूजलाचा. अहवालात ‘भूजल’ हा शब्द शोधत जा आणि प्रत्येक ठिकाणचं वाक्य एका कागदावर खाली खाली उतरवून घ्या. काहीसं असं हाती लागेल.

मूळ स्थिती: ‘परिसरातील भूजल पातळी समाधानकारक आहे.’ आधाराला एकाच वर्षाचे, तेही पावसाळा संपतानाचे आकडे.
उद्दिष्ट: ‘जलस्रोतांचे संरक्षण करणे.’
परिणामांचा तक्ता: चारही क्षेत्रांसमोर एकेक उणे चिन्ह.
एकत्रित परिणाम: ‘मध्यम स्वरूपाचा राहील.’
उपाय: ‘प्रकल्प पातळीवर योग्य ते उपाय योजण्यात येतील.’
देखरेख: ‘नदीच्या पाण्याची गुणवत्ता दर सहा महिन्यांनी तपासण्यात येईल.’

सुटं वाचलं तर एकाही वाक्यात डोळ्यांत भरेल असा दोष नाही. चेकलिस्टमध्ये सहाच्या सहा खुणा पडतील. एकाखाली एक वाचल्यावर मात्र सांधे निखळलेले दिसतात. पावसाळा संपताना विहिरी भरलेल्याच असतात. उन्हाळ्यातली पातळी आणि गेल्या काही वर्षांतला कल कुठे आहे? क्षेत्रांना पाणी किती लागणार याचा ढोबळ आकडाही नसताना उणे चिन्ह कशावरून दिलं? चार उणे मिळून ‘मध्यम’ कसं झालं? आणि चिंता भूजलाच्या पातळीची असताना देखरेख नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेची कशी?

सगळ्यात गंभीर आहे ते ‘प्रकल्प पातळीवर’. चारही उद्योगांची ईआयए वेगवेगळी होणार. प्रत्येक जण आपल्यापुरतं बघणार आणि आपल्यापुरता उपसा फार नाही असं सांगणार, बहुधा खरंच सांगणार. चारही उपसे एकाच जलधरावर, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या एकाच थरावर पडणार आहेत, हे दिसण्याची जागा एसईए हीच होती. तिथूनच प्रश्न खाली ढकलला, तर तो पुढे कुणाच्याच वाट्याला येत नाही.

टप्प्याटप्प्यानं मूल्यांकन करण्याला आक्षेप नाही. युरोपीय निर्देशाच्या कलम ५ मध्येही काही बाबी नियोजनाच्या दुसऱ्या पातळीवर जास्त नीट तपासता येतात हे मान्य केलं आहे. परीक्षकानं एवढंच विचारायचं: खालच्या पातळीवर हा प्रश्न खरोखर तपासता येईल का? तिथे कोण तपासेल? आणि तोपर्यंत जागा, क्षमता यांसारखे मोठे निर्णय हातातून गेलेले असतील का?

तुमच्या तिन्ही प्रश्नांसाठी असा एकेक कागद तयार करा. पुढचं सगळं परीक्षण या कागदांवर उभं राहतं.

मूळ स्थिती: माहिती किती, यापेक्षा कशासाठी

इथे दोनच गोष्टी बघायच्या. पहिली, योजना आली नाही तर पर्यावरण कुठल्या दिशेनं जाईल हे सांगितलं आहे का. परिशिष्ट १ मध्ये सद्यस्थितीच्या जोडीनं हे स्पष्टपणे मागितलं आहे, आणि अहवालांत हेच नेमकं एखाद्या परिच्छेदात उरकलं जातं. आजची स्थिती म्हणजे एका क्षणाचं चित्र. योजना वीस वर्षांची असेल तर तुलना वीस वर्षांनंतरच्या स्थितीशी व्हायला हवी, कारण योजना असो वा नसो, हवामान बदलणार, लोकसंख्या बदलणार, आधी मंजूर झालेले प्रकल्प उभे राहणार.

दुसरी, माहितीची निवड. परिणामांच्या प्रकरणात पुन्हा ज्याचा उल्लेखच येत नाही अशी माहिती किती आहे बघा. भूगर्भाच्या इतिहासावर बारा पानं आणि ज्या पाणथळ जागेशेजारून योजनेचा मार्ग जातो तिच्यावर एक ओळ, ही नुसती पानं भरल्याची खूण. माहितीत त्रुटी असल्याचं अहवाल स्वतः सांगत असेल तर त्याला गुण द्या. निर्देशाच्या परिशिष्ट १ मध्येही काम करताना आलेल्या अडचणी नोंदवायला सांगितलं आहे. ‘कोणतीही अडचण आली नाही’ असं लिहिणाऱ्या अहवालाकडे मी जरा जास्तच संशयानं बघतो.

जाता जाता एक क्षुल्लक वाटणारी तपासणी: फाइलमध्ये दुसऱ्याच गावांची, नद्यांची नावं शोधा. एका योजनेचा मजकूर दुसऱ्या योजनेच्या अहवालात उचलून चिकटवलेला असला की एखादं जुनं नाव हमखास पुसायचं राहून जातं.

पर्याय: अहवालाचा खरा कस

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि हे प्रकरण वाचा. पर्यायांशिवाय मूल्यांकन म्हणजे आधीच झालेल्या निर्णयाचं समर्थन.

पर्याय खरे आहेत का, हे आधी बघायचं. ओळखायची सोपी युक्ती: योजनाकर्त्या संस्थेनं हा पर्याय कधी काळी राबवला असता का? एक पर्याय अवास्तव महाग, दुसरा उघडच विध्वंसक आणि मधला आपला आवडता, अशी मांडणी असेल तर पहिले दोन नुसते उभे केलेले आहेत. ‘योजनाच नाही’ ही तुलनेची पायरी म्हणून लागतेच, पण तो एकमेव पर्याय दाखवून भागत नाही. पर्याय कोणत्या पातळीवरचे आहेत तेही बघा. गरज किती आहे, ती कुठल्या मार्गानं भागवायची, कुठे आणि कधी, हे प्रश्न चढत्या-उतरत्या क्रमाचे असतात. योजना ‘किती आणि कसं’ ठरवत असताना अहवालात फक्त ‘कुठे’चे पर्याय असतील, तर वरचे दोन प्रश्न बंद दाराआड सुटलेले आहेत असं समजा.

दुसरी बाब कारणांची. ब्रिटनमधलं न्यूमार्केटचं प्रकरण यासाठी माहीत असावं. फॉरेस्ट हीथ जिल्हा परिषदेच्या योजनेत न्यूमार्केटच्या ईशान्येला सुमारे १,२०० घरांचा विस्तार होता. २०११ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयानं योजनेचा तो भाग रद्द केला. कारण असं की, आधीच्या टप्प्यांवर बाद केलेले पर्याय का बाद केले, हे अंतिम योजनेसोबतच्या अहवालावरून वाचणाऱ्याला कळत नव्हतं. पर्याय आधी विचारात घेतले होते एवढं पुरत नाही. ते का सोडले आणि ती कारणं आजही लागू आहेत का, हे अहवालात थोडक्यात तरी यायला हवं, आणि जुन्या कागदांचा दाखला दिला असेल तर तो सहज सापडायला हवा.

तिसरी बाब समान खोलीची. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्याच नॉर्विच शहराच्या आसपासच्या तीन परिषदांच्या संयुक्त योजनेवरचा निकाल आला. निवडलेला पर्याय आणि इतर वाजवी पर्याय सारख्याच खोलीनं तपासले जावेत, असा अर्थ न्यायालयानं निर्देशातून काढला आणि ईशान्येकडच्या वाढीसंबंधीचा भाग फेरविचारासाठी परत पाठवला. परीक्षकानं हे अगदी यांत्रिकपणे तपासावं: निवडलेल्या पर्यायाला किती पानं, बाकीच्यांना किती? तक्त्यात सगळ्यांना सारखेच निकष लावलेत का? शमन उपाय, म्हणजे नुकसान कमी करण्याचे उपाय, फक्त आवडत्या पर्यायालाच गृहीत धरलेत का? ही शेवटची चलाखी फार वेळा होते. एका पर्यायाचे परिणाम उपाय केल्यानंतरचे आणि दुसऱ्याचे उपायांशिवायचे मोजले, तर तुलना सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो.

निवडलेला पर्याय पर्यावरणाच्या दृष्टीनं सर्वोत्तम असलाच पाहिजे असं मात्र नाही. खर्च, रोजगार, वेळ यांमुळे दुसरा निवडला जाऊ शकतो. जो अहवाल हे सरळ लिहितो, ‘पर्याय ‘ब’चे पर्यावरणीय परिणाम कमी होते, तरी अमुक कारणासाठी ‘अ’ निवडला’, तो माझ्या लेखी वरच्या श्रेणीचा. ज्या अहवालात निवडलेला पर्याय प्रत्येक निकषावर जिंकतो, तो पुन्हा एकदा वाचावा.

परिणाम: चिन्हांच्या मागे काय आहे

अधिक, उणे, शून्य आणि प्रश्नचिन्ह यांचा रंगीत तक्ता हे एसईए अहवालाचं ओळखीचं चित्र. तक्ता वाईट नाही; चिन्हामागचं कारण गायब असणं वाईट. तक्त्यातले पाच-सहा रकाने कसेही निवडा आणि प्रत्येकासाठी मजकुरातलं स्पष्टीकरण शोधा. परिणाम किती मोठा, किती काळ, कुणावर, परत फिरवता येईल का, आणि हे कशावरून? स्पष्टीकरणात ‘शक्यता आहे’ याखेरीज काहीच नसेल तर तो रकाना रिकामा समजा.

शून्याकडे खास लक्ष द्या. ‘परिणाम नाही’, ‘थोडा चांगला आणि थोडा वाईट मिळून बरोबरी’ आणि ‘आम्हाला माहीत नाही’ या तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच शून्यात कोंबलेल्या सापडतात. एका टोकाच्या तळ्याचं नुकसान आणि दुसऱ्या टोकाला लावलेली झाडं यांची वजाबाकी करून शून्य येत नाही. प्रश्नचिन्ह प्रामाणिक असतं, पण त्याच्या पुढे दोन गोष्टी हव्यात: अनिश्चितता कशामुळे, आणि ती कधी, कोण दूर करणार.

परिशिष्ट १ मधली परिणामांच्या प्रकारांची तळटीप इथे कामी येते. दुय्यम, एकत्रित, परस्परांना बळ देणारे. लघु, मध्यम आणि दीर्घ मुदतीचे. कायमचे आणि तात्पुरते. चांगले आणि वाईट. यातला ‘एकत्रित’ हा प्रकार एसईएच्या अस्तित्वाचं मोठं कारण आहे आणि अहवालातला सगळ्यात कच्चा भागही. तपासताना बघा, फक्त या योजनेतल्या प्रस्तावांची बेरीज केली आहे, की शेजारच्या योजना आणि आधीच मंजूर प्रकल्पही धरले आहेत. हद्द प्रशासकीय सीमेवर थांबते की खोरं, हवेचा पट्टा, प्राण्यांचा वावर यांप्रमाणे आखली आहे. नदीला तालुक्याची सीमा कळत नाही, पण अहवालातले नकाशे नेमके तिथेच संपतात.

आणखी एक चाचणी मला फार उपयोगी पडते. परिणामांच्या प्रकरणातलं कुठलंही वाक्य घ्या आणि योजनेचं नाव झाकून वाचा. ‘बांधकामाच्या काळात धूळ आणि आवाज वाढेल.’ हे जगातल्या कुठल्याही योजनेबद्दल खरं आहे. अशा वाक्यांची संख्या जितकी जास्त, तितकं मूल्यांकन कमी.

उपाय आणि देखरेख

उपाय तपासताना क्रियापद बघा. ‘करण्यात येईल’ आणि ‘प्रयत्न करण्यात येईल’ यांत योजनेच्या आयुष्याएवढं अंतर आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उपाय योजनेच्या मजकुरात उतरला आहे का. अहवाल म्हणतो, ओढ्यापासून ठराविक अंतरात बांधकाम नको. योजनेच्या कुठल्या कलमात, कुठल्या नकाशात ते आलं? आलं नसेल तर तो उपाय नुसती शिफारस आहे, आणि परिणामाची तीव्रता त्याच्या भरवशावर कमी दाखवलेली असेल तर तो निष्कर्ष टिकत नाही. क्रमही बघा. आधी टाळणं, मग कमी करणं, आणि शेवटी भरपाई. थेट वृक्षारोपणावर उडी मारणाऱ्या अहवालाला, टाळण्याचा विचार कुठे केलात, असं विचारावं.

देखरेखीचं प्रकरण बहुतेकदा दीड पानाचं असतं. तिथे एवढं पुरे: मोठ्या परिणामांपैकी प्रत्येकासाठी एक निर्देशक (म्हणजे मोजायची ठरलेली गोष्ट), कोण मोजणार, किती वेळा, आणि कुठला आकडा ओलांडला की काय करणार. युरोपीय निर्देशाच्या कलम १० मध्ये देखरेखीचा हेतूच अनपेक्षित वाईट परिणाम लवकर ओळखून दुरुस्ती करता यावी असा सांगितला आहे. पुढे काय करायचं हे न ठरवता नुसतं मोजत राहिल्यानं ते साधत नाही. सध्या चालू असलेली मोजमापं वापरली तर हरकत नाही, निर्देशानं ती सूट दिली आहे.

लोकांचं म्हणणं आणि सारांश

हरकतींचा तक्ता असेल तर ‘नोंद घेतली’ हे उत्तर किती वेळा आलं आहे ते मोजा. मग ज्या हरकती तुमच्या तीन प्रश्नांशी जुळतात त्या निवडा आणि त्यांमुळे अहवालात किंवा योजनेत कुठे काय बदललं ते शोधा. स्कोपिंगच्या वेळी एखाद्या खात्यानं मागितलेली माहिती शेवटी दिली नसेल, तर का दिली नाही हे लिहिलेलं हवं.

सारांश या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या समजदार माणसाला वाचायला द्या आणि विचारा: सगळ्यात मोठं नुकसान कोणतं, आणि दुसरे कोणते पर्याय होते? उत्तर आलं नाही तर सारांश नापास. मुख्य अहवालातलं ‘गंभीर’ सारांशात ‘मर्यादित’ झालं आहे का, तेही एकदा ताडून बघा.

आता चेकलिस्ट आणि श्रेणी

इथपर्यंत आल्यावर चेकलिस्ट भरणं हे तासाभराचं काम उरतं, आणि खुणांमागे पुरावा असतो. श्रेणी देण्यासाठी मँचेस्टर विद्यापीठातल्या ली आणि कॉली यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत आजही सोयीची आहे. ती मुळात प्रकल्पांच्या अहवालांसाठी होती. पुढे तिच्याच धर्तीवर एसईएसाठी संच तयार झाले. बारीक निकषांना ‘ए’ ते ‘एफ’ श्रेणी द्यायची, त्यावरून गटाला, गटांवरून क्षेत्राला आणि शेवटी पूर्ण अहवालाला. ‘सी’ म्हणजे त्रुटी असूनही जेमतेम समाधानकारक; ‘डी’ म्हणजे काही भाग चांगला, पण एकूण असमाधानकारक. पास-नापासची रेघ या दोहोंमध्ये.

वर चढताना सरासरी काढायची नाही, हे या पद्धतीचं मर्म. प्रत्येक पायरीवर वजन ओळखून निर्णय घ्यायचा. मांडणी, नकाशे, वर्णन यांना ‘ए’ आणि पर्यायांना ‘एफ’ मिळाले तर सरासरी ‘बी’च्या आसपास दिसेल, पण तो अहवाल निर्णयाला उपयोगी नाही. मी स्वतः तीन गोष्टींत ‘डी’ किंवा त्याखालची श्रेणी आली की पूर्ण अहवाल वरच्या श्रेणीत जाऊ देत नाही: पर्याय, एकत्रित परिणाम, आणि मुख्य निष्कर्षांमागचा पुरावा. तुमची यादी वेगळी असू शकेल; ती परीक्षण सुरू करण्याआधी लिहून ठेवा.

शक्य असेल तेव्हा दोघांनी स्वतंत्रपणे श्रेणी द्याव्यात आणि मग समोरासमोर बसावं. ली आणि कॉलींची शिफारसही तशीच आहे. श्रेणी जिथे एका अक्षरापेक्षा जास्त फरकानं वेगळ्या पडतात तिथेच चर्चा करा. बहुतेक वेळा एकानं परिशिष्टातलं काहीतरी वाचलेलं असतं आणि दुसऱ्यानं नसतं.

अभिप्राय लिहिताना

त्रुटींचे दोन ढीग करा. पहिल्यात निर्णयाआधी दुरुस्त व्हायलाच हव्यात अशा. दुसऱ्यात झाल्या तर बरं अशा. पहिला ढीग छोटा ठेवा. पंचवीस मुद्द्यांची यादी दिली की उत्तर देणारा सोपे वीस निवडतो आणि अवघड पाच तसेच राहतात.

प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी हव्यात: कुठे, काय नाही, त्यामुळे कुठल्या निर्णयावर परिणाम होतो, आणि काय केल्यानं भागेल. ‘भूजलाचा अभ्यास अपुरा आहे’ असं लिहिलं तर उत्तरादाखल आणखी चाळीस पानं येतील. त्याऐवजी असं लिहा: ‘परिणामांच्या प्रकरणात चार औद्योगिक क्षेत्रांच्या पाणीमागणीचा अंदाज नाही. त्यामुळे चारही क्षेत्रं एकाच जलधरावर ठेवण्याचा निर्णय तपासता येत नाही. उपलब्ध नोंदींवरून उन्हाळ्यातील पातळीचा कल आणि प्रत्येक क्षेत्राची ढोबळ मागणी द्यावी. नवीन सर्वेक्षणाची गरज नाही.’ शेवटचं वाक्य विसरू नका. काय नको हे सांगितलं की काम आटोक्यात राहतं आणि दुरुस्ती खरोखर होण्याची शक्यता वाढते.

अभिप्राय पाठवला की फाइल बंद करू नका. युरोपीय निर्देशाच्या कलम ९ प्रमाणे योजना मंजूर झाल्यावर एक निवेदन काढावं लागतं: पर्यावरणाचा विचार योजनेत कसा आला, अहवाल आणि हरकती कशा विचारात घेतल्या, इतर पर्याय सोडून हाच का निवडला. इतर व्यवस्थांतही बहुधा असा काहीतरी कागद असतो. तो आला की तुमचा पहिला ढीग शेजारी ठेवून प्रत्येक मुद्द्यापुढे लिहा: योजनेचं अमुक कलम बदललं, उत्तर दिलं पण बदललं नाही, किंवा उल्लेखच नाही. त्याच संस्थेची पुढची योजना तपासायला येईल तेव्हा स्कोपिंगच्या टप्प्यावरच हा कागद पुढे ठेवता येतो.